लीलाच्या हातचे डाग

लीला, तुझ्यासाठी खड्डा खणायला फार वेळ लागला. शेतात, मामंजींच्या समाधीशेजारी जागा ठरली होती. पण यंदा त्या जमिनीचा दगड झालाय. कुदळ आपटली की गड्यांचे हात झिणझिणायचे. तुझा दादा स्वतः उतरला, त्यालाही जमेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, थोडं पाणी ओता, मऊ होऊ द्या. टँकरच्या पाण्यातून घरी राखून ठेवलेल्या घागरी आणल्या आणि ओतल्या. जमिनीनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. तुझी आई, अव्वा, लांब बायकांत बसली होती. ती एकदम ओरडली, "माझ्या लेकराला घोटभर पाणी पिऊ दिलं न्हाई तुम्ही, अन् आता मातीला पाजून राहिलात!"

तुझा दादा खड्ड्यातच खाली बसला.

ही गोष्ट तुला सांगावी की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी घरातलं सगळं तुलाच सांगत आले. आता दुसऱ्या कुणाला जाऊन सांगू?

देगलूरहून मी उदगीरला आले तेव्हा तू शाळेत होतीस. दोन वेण्या आणि गुडघा खरचटलेला. नव्या नवरीला सासरचे लोक माहेरून काय काय आणायला सांगतात. तू पहिल्याच संध्याकाळी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंस, "वैनी, तुमच्या घरी बिघडलेला रेडिओ हाय का? असला तर पुढच्या बारीला घेऊन या." मी आणला. तू तो दुरुस्त केला नाहीस, फक्त सगळा खोलून ठेवलास. माझ्या वडिलांनी पुढे दोनदा विचारलं, रेडिओचं काय झालं. मी दोनदा खोटं बोलले.

मग तू लातूरला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलास आणि परत आलीस. आपल्या भांड्यांच्या दुकानात बाहेरच्या अंगाला तुझं टेबल लागलं. मिक्सर यायचे, चार्जिंगचे दिवे यायचे. पण तुझा जीव रिमोटच्या गाड्यांत. लेकरांच्या लहान गाड्या दुरुस्तीला आल्या की मिक्सर बाजूला पडायचा, आणि मिक्सरवाली बाई माझ्यावर डाफरायची. त्या गाड्यांच्या सर्किटवर आधीच कुणीतरी हात चालवलेला असायचा. कुठे कथलाचा हा मोठा गोळा, कुठे पार्टचे दोन पाय एकमेकांना चिकटलेले, कुठे जळून काळं झालेलं. तू म्हणायचीस, "बिघाड लहानच असतोय, वैनी. दुरुस्त करणाऱ्यानं केलेला घोटाळा निस्तरायलाच वेळ जातोय."

तुझी स्वतःची गाडी मात्र खेळणं नव्हती. एकेक भाग नांदेडहून मागवून तू ती जुळवलीस. मोठी चाकं, खाली स्प्रिंगा, ताकदीची मोटर. ती गाडी जुळवत होतीस तेव्हाच तुझ्या पायांवर सूज यायला लागली होती. आपण म्हणायचो, दिवसभर टेबलाशी बसते, म्हणून येत असेल.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवावं लागेल. त्यासाठी तुझ्या डाव्या हातात शिरा जोडण्याचं ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर तू मला म्हणालीस, "इथं बोट ठेवा." मी ठेवलं. आत भुंगा कोंडल्यासारखं गुणगुणत होतं. मी घाबरून हात मागे घेतला. तू हसलीस. "करंट हाय, वैनी. आता टेस्टरची गरज न्हाई."

त्या हाताला जपायचं होतं, आणि उजवा हात तर आधीपासूनच थरथरायला लागला होता. सोल्डरिंग गन धरलीस की टोक जागेवर थांबायचं नाही. एका दुपारी तू गन खाली ठेवलीस, माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "धरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय. तुम्ही फक्त धरा."

मी भांड्यांच्या दुकानदाराची बायको. आमच्या तोंडात 'डाग देणे' हाच शब्द. घागरीला डाग देतात, तपेल्याला डाग देतात. तू सोल्डरिंग म्हणायचीस, मी डाग म्हणायची, आणि महिन्याभरात तूही डागच म्हणायला लागलीस. माझे पहिले डाग काय होते ते आठवतं का? कथील वितळून सगळीकडे पसरायचं. रिसीव्हरच्या दोन पिना मी अशा चिकटवल्या की गाडी चालू करताच चाकं एका बाजूला वळली आणि तिथंच अडकून थरथरत राहिली. तू रागावली नाहीस. म्हणालीस, "आता काढायचं शिका. लावायला कुणीबी शिकतंय." मग तो पिचकारीसारखा पंप माझ्या हातात दिलास. कथील गरम करायचं, पातळ झालं की पंपाचं बटण दाबायचं. थप्प. जास्तीचं कथील आत ओढलं जातं आणि पिना मोकळ्या होतात. चुकायचं आणि काढायचं, चुकायचं आणि काढायचं. त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलं नाही.

आणि ती गंमत. तू कथील पुरे झालं की कानडीत म्हणायचीस, "साकू, साकू!" अव्वा वाढताना आपण म्हणतो तसं. माझ्या माहेरी पुरे म्हणायला तेलुगूतलं "चालू" म्हणतात. तू गनच्या स्विचवर हात ठेवून बसली होतीस, तिच्या टोकाशी तार धरून धरून माझे हात दुखायला लागले होते, मी म्हणाले, "चालू, चालू!" आणि तू खरोखर करंट चालू केलास. माझं बोट भाजलं. तुला इतकं हसू आलं की अव्वा आतून पळत आली, तिला वाटलं तुला काहीतरी झालं. बोट थंड पाण्यात बुडवायला मी तांब्या मागितला, तर अव्वा म्हणाली, "पाणी किती दिवसांनी आलंय, ठाऊक हाय का?" आणि बोटाला तूप लावून गेली.

एकदा मी गन फार वेळ टेकवली. सर्किटच्या पाटीवरचा तांब्याचा पट्टाच उचकटून वर आला. मला रडूच फुटलं, कारण ती पाटी तुझ्या गाडीच्या स्पीड कंट्रोलरची होती, तू जिवापाड जपलेली. तू पाटी हातात घेतलीस, डोळ्यांजवळ धरलीस. "अजून वाट हाय," म्हणालीस. ब्लेडनं पट्ट्यावरचं हिरवं आवरण थोडं खरवडायला लावलंस, खालचं तांबं चमकलं. मग तारेतला केसासारखा एक धागा तिथून पिनेपर्यंत घालायला लावलास. मी श्वास रोखून दोन्ही टोकांना डाग दिला. तू मीटर लावलास. पीं असा आवाज आला, जोड लागला. तू म्हणालीस, "पट्टा गेला तरी रस्ता जात न्हाई, वैनी." मला त्या वाक्याचा फार आधार वाटला होता, लीला. फार.

तो उन्हाळा कसा होता हे तुला काय सांगू. नळ कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला की माणसं घागरी घेऊन धावायची. लातूरला तर रेल्वेनं पाणी आलं. आणि तुला डॉक्टरांनी दिवसाला मोजकं पाणी सांगितलेलं, तेही भाजीतलं, ताकातलं, चहातलं धरून. गावाला पाणी मिळत नव्हतं आणि तुला मिळालं तरी प्यायचं नव्हतं. शेजारणी टँकरवर भांडत असताना तू ओट्यावरून ओरडायचीस, "माझ्या वाटणीचं घ्या, मला डॉक्टरनं मना केलंय!" त्या हसायच्या आणि मग भांडण तिथंच सोडायच्या.

त्यात जिल्ह्याचं आंदोलन. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून लोक रस्त्यावर बसले, त्यात तुझा दादाही होता. मी त्याला रात्री सांगितलं होतं, उद्या लीलाचा मशीनचा दिवस आहे. तो म्हणाला, जीप सोडतील, आजाऱ्याला कोण अडवतं? सकाळी आपली जीप गावाच्या बाहेर अडली. समोर मंडप, भोंगा, शे-दोनशे माणसं रस्त्यावर. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला घाबरत होता. तू दार उघडून उतरलीस. मी मागून ओढत होते.

"दादा, ऊठ."

तुझा दादा उभा राहिला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कोण हाय रे?"

"बहीण हाय माझी. लातूरला मशीनला चाललीय."

सगळेच उठायला लागले. तू हात वर केलास, तो गुणगुणणारा हात. "समदे उठू नका. एक जीप जाईल एवढी वाट द्या. अन् दादा, जिल्हा घेतल्याबिगर घरला येऊ नको."

माणसं हसली. मग तो म्हातारा हात जोडून म्हणाला, "ह्याच्यासाठीच तर बसलोय, अक्का. इथंच मशीन असती तर तुला कशाला जावं लागलं असतं?"

माणसांनी वाट दिली. जीपमध्ये आपलं भांडण झालं. मी म्हणाले, "जिल्हा होऊन काय होणार? कचेरीची पाटी बदलंल." तू म्हणालीस, "होईल. मशीन येईल. एकदा जिल्हा झाला की यावंच लागतंय." माझा अजूनही विश्वास नाही. पण त्या दिवसापासून मी तुझ्यासमोर जिल्ह्याची थट्टा केली नाही. तू त्या मशीनची वाट बघत होतीस हे मला तेव्हा कळलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी तू म्हणालीस, गाडी पळवून बघू. गावाबाहेरचा तलाव पार आटला होता. जिथं गणपती बुडवायचे तिथं चिखलाच्या भेगाळलेल्या ढेपा होत्या, पण मधोमध एक पट्टा सपाट, टणक होता. रस्त्यासारखा. सकाळी ऊन चढायच्या आत दादानं आपल्याला तिथं सोडलं. तू काठावरच्या दगडावर बसलीस, डोक्यावर माझी ओढणी. रिमोट तुझ्या मांडीवर. गाडी सुटली. लीला, तुझा चेहरा! धुळीची शेपटी काढत गाडी पार पलीकडे गेली, वळली, परत आली. तू बसल्या जागी सगळा तलाव फिरून आलीस. पलीकडे गुरं राखणारी एक म्हातारी होती, ती पदर धरून पळाली. तू ओरडलीस, "मावशे, भिऊ नको, चावत न्हाई!"

आणि मध्येच गाडी थांबली. मी चालत गेले, उचलून आणली. तू वरचं झाकण उघडलंस. मोटरची एक तार सुटली होती. मी म्हणाले, "माझाच डाग सुटला असंल."

तू सुटलेल्या जागेवरून बोट फिरवलंस. "तुमचा न्हाई. माझा हाय."

ती तार तू लावली होतीस, गाडी जुळवली तेव्हा, आजार कळायच्या खूप आधी. तू बोटानं दाखवलंस. तुझा चांगला डाग कसा असायचा ते तूच मला शिकवलं होतंस. महादेवाच्या पिंडीसारखा, खाली पसरट, वर निमुळता, चमकणारा. हा मळकट गोळा होता, कडेला चीर गेलेली. शेजारचाही तसाच. त्याच्या पलीकडचाही. तू एकेक बघत गेलीस. मग अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "वैनी, तवापासनंच आजारी होते मी. हात तवाच थरथरत होता. बघा की. हितं दिसतंय सगळं, अन् मीच बघितलं न्हाई."

मी तुझ्या डोक्यावरची ओढणी नीट केली.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "माझे सगळे डाग काढा. नव्यानं लावा."

मी नाही म्हणाले. म्हणाले, सुटला तेवढाच लावते, बाकी असू दे. तुला खरं कारण कळलं होतं. तू चिडलीस. "गाडी माझी आठवण ठेवायला न्हाई, पळवायला हाय. असले चिरलेले, ड्राय डाग ठेवून कोण गाडी पळवतंय?" दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसले. तू शेजारी. गरम कर, थप्प. गरम कर, थप्प. तू प्रत्येक डाग बघून मान हलवायचीस. शेवटी मोटरची, बॅटरीची, स्विचची, सगळी जोडणी माझ्या हातची झाली. तू म्हणालीस, "आता गाडी चांगली झाली." हो, चांगली झाली. पण आता त्या गाडीत तुझ्या हातचा एकही डाग उरलेला नाही, लीला. मीच काढले. तूच काढायला लावलेस. याला मी काय करू, ते मला कळत नाही.

आपलं मोठं भांडण त्यानंतरचं. लातूरला त्या दिवशी दवाखान्याचा टँकर यायला उशीर झाला होता. मशीनला खूप पाणी लागतं, आणि आसपासच्या विहिरीच आटलेल्या, तर टँकरवाला तरी भरून कुठून आणणार? आपण बाकड्यावर ताटकळत बसलो. तुला धाप लागत होती. परत येताना वाटेतलं नळेगाव मागे गेल्यावर मी म्हणाले, "मी माझी किडनी देते." दादाला साखर, अव्वाचं वय झालेलं, राहिले मी.

तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "किडनी म्हणजे काय कांदे हायत का, शेजारणीला दोन दिले?"

"मी शेजारीण हाय का?"

"तुम्हाला दोन लेकरं हायत."

"किडन्याबी दोन हायत."

"वैनी, मी घेणार न्हाई. तुम्ही माझ्या रक्ताच्या न्हाई. सरकारबी विचारतंय, नातं काय म्हणून."

रक्ताच्या नाही. तू मला गप्प करायला म्हणालीस, ते कळत होतं. तरी लागलं. उदगीर येईपर्यंत मी दुसऱ्या खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना तू माझा हात धरलास आणि सोडलाच नाहीस, पण शब्दही मागे घेतला नाहीस. तशीच तू.

तू गेलीस ती सकाळ मला नीट लावून सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मशीनचा दिवस होता. पहाटे तुला आडवं होता येईना, बसवून ठेवलं तरी दम पुरेना. जीप काढली. तू मागे माझ्या अंगावर रेललेली. नळेगावही आलं नव्हतं. तू म्हणालीस, "खिडकी उघडा, वैनी." खिडकी उघडीच होती. मी काच वर केली आणि परत खाली केली, तुला वाटावं की उघडली म्हणून. तू मान हलवलीस, बरं वाटल्यासारखी. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसात पाणी भरलं होतं. उभ्या तालुक्यात पाणी नव्हतं, लीला, आणि ते तुझ्या छातीत साचत होतं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. त्याच्या आधीच्या खेपेला, तू मशीनवर असताना, मी चहाला जाते म्हणून खाली गेले आणि रक्त तपासून आले. तपासणाऱ्या बाईनं तोंडीच सांगितलं, गट तुझाच आहे. मग मी डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, पुढे तपासण्या खूप असतात, वहिनी म्हणजे जवळचं नातं धरत नाहीत, परवानगी काढावी लागेल, पण वाट बंद नाही. मी वर आले. तू डोळे मिटून पडली होतीस. परतताना तू फार थकलेली असायचीस, म्हणून ठरवलं, पुढच्या खेपेला जाताना सांगायचं. जाताना तू चांगली भांडतेस.

त्या सकाळी जीपमध्ये जिभेवर आलं होतं. पण तुला श्वास पुरत नव्हता, आणि हे ऐकून तू भांडली असतीस. भांडायला श्वास लागतो. म्हणून गप्प राहिले.

सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. नळेगाव मागे पडलं की सांगायचं. तू म्हणणार, तुम्हाला कुणी सांगितलं होतं रक्त द्यायला? दादाला सांगते. अव्वाला सांगते. मी म्हणणार, सांग की. मग सांगणार की गट एकच निघाला, आणि म्हणणार, "आता बोल." एवढंच. त्याच्या पुढचं मी काही ठरवलं नव्हतं. पुढचं तू बोलणार होतीस.